सोमारीबाईचा सरकणारा नातू

तपासणीची गाडी कसरेटोल्यात येणार असली की गावातल्या आया पोरं लपवायच्या आणि सोमारीबाई ती शोधून काढायची. हा खेळ वर्षानुवर्षं चाललेला. कुणी पोराला धानाच्या रिकाम्या कोठीत बसवी, कुणी मोहाच्या टोपल्यांआड, कुणी सरळ आजीच्या पदराखाली. सोमारी नरोटे ही इथली अंगणवाडी सेविका. कोठीच्या झाकणावरची धूळ पुसलेली दिसली की तिला तेवढं पुरे. झाकण उघडायची, पोराला काखोटीला मारायची आणि आईला सुनवायची, "डाक्टर का वाघ हाये? खाऊन टाकते का तुह्या पोराले?" मग आई तोंडातल्या तोंडात पुटपुटत मागून चालू लागायची.

तर या सोमारीबाईनं यंदा, हिवाळा सरता सरता, गाडी यायच्या दिवशी स्वतःचा नातू लपवला.

लपवला म्हणजे अगदी व्यवस्थित. सकाळीच सुनेला, दीपालीला म्हणाली, "चंदनले घेऊन तुह्या मायच्या घरी जाय आज. तिची तब्येत बरी नाई म्हंते." दीपालीची आई आदल्याच दिवशी बाजारात भेटली होती आणि चांगली ठणठणीत होती. दीपालीनं सासूकडं एकदा पाहिलं, पोराला कडेवर घेतलं आणि गेली. का, कशाला, काही विचारलं नाही. दोघींच्या पोटात भीती एकच होती आणि दोघीही ती एकमेकींपासून झाकून वागत होत्या.

चंदन दीड वर्षाचा होऊन गेला होता आणि चालत नव्हता. चालत नव्हता, उभा राहत नव्हता, रांगला तर कधीच नव्हता. तो बसायचा. बसून पाय पुढं टाकायचा, डावा हात जमिनीला टेकवायचा आणि नदीत डोंगा वल्हवावा तसा ढुंगणावर सरकत सगळं घर पालथं घालायचा. एरवी पोरगं गोड. भात मागून खायचं, टाळ्या वाजवायचं, कोंबड्याला नाव घेऊन हाक मारायचं, अनोळखी माणूस दिसला की आईच्या लुगड्यात तोंड खुपसायचं. फक्त पायावर येत नव्हतं. त्याच्या बापानं, सुनिलनं, सागाच्या तुकड्यांचा झकास पांगुळगाडा करून दिला. हा त्या गाड्यावर चढून बसला आणि कुणीतरी ओढेल म्हणून वाट पाहू लागला. गाव हसलं. सोमारीही हसली, कारण न हसून सांगते कोणाला.

अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता होता. बाळ पालथं पडतं, बसतं, रांगतं, उभं राहतं, चालतं, सगळं चित्रांत. रांगणारं बाळ दोन हात आणि दोन गुडघ्यांवर, मान वर करून बघणारं. हा तक्ता सोमारीनं गावातल्या एकूण एक आईला बोट ठेवून समजावला होता. चंदनच्या वयाची पोरं पळायला लागली तेव्हा तिनं त्या तक्त्यावर एक मोठं कॅलेंडर टांगलं. मदतनीस बाईनं विचारलं तर म्हणाली, खिळा रिकामा होता.

तिच्या भीतीचं मूळ मात्र तक्त्यात नव्हतं. ते चंदनच्या जन्मात होतं. तो जन्मला भर पावसाळ्यात. नाल्याला पूर, दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर, दीपाली अलीकडे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली, आशाताई आणि सोमारी या दोघींच्या हातावर पोरगं बाहेर आलं. आलं आणि गप्प राहिलं. आशाताई दीपालीला सांभाळण्यात गुंतलेली. सोमारीनं पोराचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपाय चोळले, पुन्हा पाठ चोळली. मग ते रडलं. "रडला बाप्पा लवकर," आशाताई म्हणाली आणि सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. सोमारीला ते लवकर वाटलं नव्हतं. जन्मल्यावर श्वास यायला वेळ लागला तर मेंदूला मार बसू शकतो आणि तो मार पुढं बसण्याचालण्यात दिसतो, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि तिथं शिकलेलं ती विसरत नसे. दीपाली तेव्हा डोळे मिटून पडली होती. तिला सोमारीनं हे कधी सांगितलं नाही. सुनिललाही नाही. दीड वर्ष ती एकटीच नातवाच्या पायांकडं पाहत राहिली.

आता ही सोमारी कोण, तर आलापल्लीच्या आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकून कसरेटोल्यात सून म्हणून आलेली बाई. इथं अंगणवाडी मंजूर झाली तेव्हा सुनिल तिच्या अंगावर पीत होता. गावात दहावी झालेली बाई ती एकटीच, त्यामुळं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. तेव्हा खोली नव्हती, म्हणून अंगणवाडी गावाच्या समाजघरात, गोटुलात, भरायची. भरायची म्हणजे काय, सोमारी जाऊन बसायची आणि पोरं घरीच राहायची. "खेळाले काऊन पाठवाचं?" लोक म्हणत. "खेळते त घरीबी." मग तिनं घरोघर जाऊन पोरं उचलून आणायला सुरुवात केली. एक कडेवर, एक पाठीला बांधलेलं, दोन बोटाला धरून. गावाला वाटलं, चार दिवसांत थकेल. ती थकली नाही, गावच थकलं आणि पोरं पाठवू लागलं.

शहरातून येणारी खेळणी पहिल्याच महिन्यात मोडत. मग तिनं आपली खेळणी काढली. भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरायचं आणि ओतायचं. टेंभुर्णीच्या बिया मोठ्या-लहान वेगळ्या करायच्या. मोहफुलं जमिनीवर पसरायची आणि पोरांना वेचायला लावायची. लहान पोर आधी फूल मुठीनं ओरबाडतं. मग कधीतरी एक दिवस अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून अलगद उचलतं. तो दिवस सोमारीला सणासारखा. आईला हाक मारून बोलवायची आणि दाखवायची, "पाय, पाय, आता हा पेन्सिलबी धरन." आयांना आधी हे येडपणाचं वाटे. फूल उचलण्यात कसलं आलंय शिक्षण? ती म्हणे, घराचा खांब रोवताना बुडाशी माती ठोकून ठोकून दाबता ना, हे तेच. लहान पोराशी बोललं, त्याला हसवलं, हाताळू दिलं, की त्याच्या डोक्यातली माती अशीच दाबून बसते. हे सगळ्यांना पटलं असं नाही. पण बाई म्हणते तर असेल, इतपत सगळे आले.

कुणाला दात कधी आला, कोण कुठल्या पिकाच्या दिवसांत बसायला लागलं, कोणी पहिला शब्द कोणता काढला, हे आयांपेक्षा तिला जास्त पाठ. लग्न होऊन गेलेल्या पोरी माहेरी आल्या की तिला विचारत, बाई, मी लहानपणी कशी होती? आणि ती सांगे.

आणि सुनिल? सुनिल घरी. नवरा मंगरू कूपकटाईला, लाकूडतोडीच्या कामाला, महिनोन् महिने जंगलात. पुढं तो तापानं गेला. सासू आधीच गेलेली. राहिला सासरा झिंगू, जो सोमारीचा सख्खा मामाच होता. त्याला ती मामाजी म्हणे. सागाचा ओंडका पायावर पडल्यापासून झिंगूचं जंगल सुटलं होतं. तो ओट्यावर बसून बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणी आणि नातवाला सांभाळी. सोमारी वजनं, खिचडी, घरभेटी, लांबच्या मीटिंगा उरकून अंधारताना घरी येई तेव्हा पोरगं झोपलेलं असे. असंच एकदा ती आली तर पोरगं अंगणात चालत होतं. तिला कोण आनंद झाला. उचललं, मुके घेतले आणि चूल पेटवायला गेली, कारण भूक सगळ्यांनाच लागली होती.

चंदन जन्मायच्या आधीच्या उन्हाळ्यात झिंगू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलापल्लीला लेकीकडं गेला आणि तिथंच राहिला. पणतू झाल्याचं कळल्यापासून त्याचे निरोपावर निरोप. पोट्टं आणून दाखवा. सोमारी दर वेळी उलटा निरोप धाडी, "पाय फुटू द्या मामाजी, चालवतच आणू." तिला म्हाताऱ्यासमोर असं पोर न्यायचं नव्हतं. सगळ्या गावाची पोरं पायावर आणणाऱ्या बाईचा नातू ढुंगणावर सरकत त्याच्यापुढं जाणार, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. आलापल्ली काही सातासमुद्रापार नाही, एका एसटीचा रस्ता. तरी तिनं दीड वर्ष काढलं.

तर गाडी आली. डॉक्टरांनी एकेक नाव पुकारलं. चंदन सुनिल नरोटे म्हटल्यावर सोमारी वजनकाट्याकडं पाहत म्हणाली, "गावाले गेला, मामाच्या घरी." डॉक्टरांनी पुढचं नाव घेतलं. इतकं सोपं होतं. गाडी गेली, आया गेल्या, एक रंजीता मात्र धाकट्याला मांडीवर घेऊन दारातच बसून राहिली.

रंजीताची थोरली मुलगी पाय आत वळलेला घेऊन जन्मली होती. तिला कोठीतून काढून सोमारीनंच गाडीपुढं उभं केलं होतं. प्लास्टर घालून घालून पाय सरळ झाला आणि आता ती पोरगी शाळेत सगळ्यांच्या पुढं धावते.

"चंदन कुठी हाये, बाई?" रंजीतानं विचारलं.

"सांगतलं ना. मामाच्या घरी."

"माही पोरगी कोठीत होती तवा मीबी तसंच सांगतलं होतं. मामाच्या घरी हाये म्हनून."

सोमारी पुसलेला काटा पुन्हा पुसू लागली.

"तुमी झाकण उघडलं. मी तुमाले कायकाय बोलली, आठवते? सारं गाव ऐकून राह्यलं होतं."

"आठवते."

"मंग आज मी उघडून राह्यली झाकण. तुमीबी बोला मले काय बोलाचं ते."

सोमारीला हसू आलं. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ती लहान पोरांच्या सतरंजीवर बसून चांगली हुंदके देऊन रडली. रंजीतानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "उद्याच जा गडचिरोलीले. पोट्टे मी पाह्यते मदतनीस बाईसंगं. आन मोहफुलं पसरवाचे का टेंभरं, तेवढं सांगून ठेवा."

त्याच संध्याकाळी सोमारीनं दीपालीला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. ट्रॉली, ताडपत्री, न रडलेलं पोर, चोळलेली पाठ. सांगताना तिला वाटत होतं, आता ही ओरडेल, म्हणेल दीड वर्ष लपवून ठेवलंत. दीपालीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मले मालूम हाये, आत्याबाई. माहे डोये मिटून होते, कान नाई. मी त्याच्या रडाचीच वाट पाहून राह्यली होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलल्या नाई म्हनून."

इतकं बोलणं झालं आणि दोघींना एकदम हलकं वाटलं. दुखणं तसंच होतं, पण आता ते एकटीचं राहिलं नव्हतं. त्या रात्री सोमारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. वय सुनिलएवढंच असेल. त्यांनी चंदनला काखेत धरून उभं करून पाहिलं, तर यानं दोन्ही पाय समोर उचलून हवेतच बैठक मारली. "अरे वा, खुर्ची कुठली तुझी?" त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. दवाखान्यात डॉक्टर हसला की माणसाला किती बरं वाटतं, हे ज्याला बाकावर बसून घाम फुटलाय त्यालाच कळेल. मग त्यांनी त्याचे पाय दाबून पाहिले, वाकवले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, डोळ्यांपुढं खेळणं फिरवलं, वाटीखाली मणी लपवला. चंदननं वाटी उचलली आणि अंगठा नि बोट जुळवून मणी काढला. सोमारीनं आपसूक दीपालीला कोपरानं ढोसलं.

"हा रांगला नाही ना? बसूनच सरकतो?"

"हो मॅडम," सोमारी म्हणाली. आणि मग कुणी न विचारता तिनं जन्माच्या वेळचंही सांगून टाकलं. सुनिलनं ते पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. "सांगितलंत ते फार बरं केलंत. पण त्याचे हातपाय, नजर, समज, यात मला त्याची काही खूण दिसत नाही. काही मुलं रांगतच नाहीत, अशी बसूनच सरकतात. ती उशिरा चालतात, कधी दोन वर्षांच्या पुढंही जातात. पुष्कळदा हे घराण्यातच असतं." त्यांनी सुनिलकडं मान वळवली. "बाबा, तुम्ही लहानपणी कसे चाललात? रांगला होतात की असेच सरकलात?"

सुनिलनं आईकडं पाहिलं. दीपालीनं सासूकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं.

सोमारीनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की सांगायला काहीच नाही. रंजीताचं माहीत होतं, रंजीताच्या भावाचं माहीत होतं, गावातल्या शेवटच्या घरातल्या जुळ्यांचं माहीत होतं. आपल्या एकुलत्या एक पोराचं तिला एवढंच आठवत होतं की तो झोपलेला असायचा आणि मग एके दिवशी चालत होता. "मले नाई मालूम," ती म्हणाली.

"घरात कुणाला विचारता आलं तर बघा," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या. "कळलं तर मलाही जास्त खात्री वाटेल. दोन महिन्यांनी पुन्हा आणा. आणि याला उचलून फिरवू नका, खाली सोडा."

परतीच्या एसटीत सुनिल आईच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "जाऊ दे ना माय. मले त कधी काई कमी वाटलं नाई." सोमारीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलली असती तर पुन्हा रडली असती आणि एसटीत माणसं होती.

आलापल्ली आली तसं तिनं पिशवी उचलली. "उतरा. मामाजीकडं जाऊ."

झिंगूच्या लेकीचं घर लाकडाच्या डेपोच्या मागच्या अंगाला होतं. अंगण नुकतंच सारवलेलं. म्हातारा भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून टोपली विणत होता. एक डोळा सुधारला होता, दुसरा नाही. पण टोपलीला त्याला डोळे लागत नव्हते. लेक पाणी आणायला गेलेली. सोमारी फाटकाशी थबकली. जोहार घालावा, मग पाया पडावं, मग हळूच विषय काढावा, असं तिनं वाटेत जुळवलं होतं. पण दीपालीनं तोवर डॉक्टरांचं ऐकून पोराला खाली सोडलंसुद्धा. चंदननं अंगण पाहिलं, टोपली पाहिली, डावा हात टेकवला आणि निघाला. सर्र, थांब. सर्र, थांब. सारवलेल्या जमिनीवर ढुंगण घासल्याचा तो आवाज म्हाताऱ्यापर्यंत पोचला.

झिंगूचे हात थांबले. डोळे मिटलेलेच होते. सगळा चेहरा हसला.

"ये सुनिल्या! कामट्याले हात नको लावू, बोट कापन!"

चंदन आणखी एकदा सरकला आणि त्यानं म्हाताऱ्याचा अंगठा धरला. तेव्हा झिंगूनं डोळे उघडले. पायाशी पोर, आणि फाटकात मिशा फुटलेला सुनिल्या उभा. त्यानं एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि त्याला असं हसू लोटलं की खोकलाच लागला. सुनिलनं धावत जाऊन त्याची पाठ चोळली.

"मामाजी," सोमारी जवळ येऊन खाली बसली. "सुनिलबी असाच सरके?"

"असाच म्हंजे? ह्याच हातानं. डाव्या." म्हाताऱ्यानं चंदनचा पंजा उचलून दाखवला. "रांगला कुठी तो? उभा करावं त पाय वर घेऊन बसे, राजावानी. चड्ड्या फाडू फाडू जीव खाल्ला माहा. मंग मी मागं बारदान शिवून देल्लं."

सोमारीला ते बारदानाचे तुकडे आठवले. नाल्यावर तिनंच ते धुतले होते, सकाळी घाईघाईत, दगडावर आपटून. म्हाताऱ्याला काय हौस, चांगल्या चड्डीला पोत्याचं ठिगळ लावतो, म्हणून मनात चिडली होती. कितीदा धुतले असतील. एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग चालला कवा?"

"दुसऱ्या मोहात. मोह पडून राह्यला होता, सारे लोक रानात. माही काठी पडली. त्यानं ते उचलली, टेकवली, उठला आन आणून देल्ली मले. तवापासून कधी बसला नाई."

सोमारीचा जीव भांड्यात पडला. सोबत रडूही आलं. दीपाली मागं उभी राहून आधीच रडत होती आणि हसतही होती. सुनिल नुसताच चंदनच्या डाव्या हाताकडं आणि मग आपल्या डाव्या हाताकडं पाहत होता.

"मले काऊन नाई सांगतलं, मामाजी? तवा?"

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "त्यात का सांगाचं? पोट्टं सरकते, मंग चालते. तू साऱ्या गावचे पोट्टे पाहून येत होती, थकून राहे. घरचा एक मी पाहत होतो. आपलं तसंच त होतं." मग तिच्या तोंडाकडं पाहून त्यानं आवाज उतरवला. "तुले पाहाचं होतं का, पोरी?"

सोमारीनं मान डोलावली. पाहायचं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, पण पाहायचं होतं.

"मंग चाल," तो काठी शोधत म्हणाला. "मोह आलाच हाये. मीबी येतो."

आणि तो खरंच आला. लेक नको नको म्हणत असताना टोपल्या, कामट्या, कोयता घेऊन कसरेटोल्याला परत आला आणि ओट्यावरच्या आपल्या जुन्या जागेवर बसला. चंदनला नवा सोबती मिळाला. सोमारीनं अंगणवाडीतलं कॅलेंडर दुसऱ्या खिळ्याला लावलं. तक्त्यावरच्या रांगणाऱ्या बाळाशेजारी तिनं गेरूनं एक बसून सरकणारं बाळ काढलं. चित्रकला तिची बेताचीच, त्यामुळं ते भोपळ्यासारखं दिसतं. पण आयांना ती बोट ठेवून सांगते, हेबी चालते, थोडं उशिरा. दाखवाले मात्र न्याच. मी नेलं होतं.

मोह पडायला लागला. गाव पहाटेच टोपल्या घेऊन रानात जाऊ लागलं आणि अंगणवाडीत पोरांची गर्दी वाढली. अशाच एका सकाळी सोमारी खोलीची किल्ली घेऊन घराबाहेर पडत होती. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. चंदन त्या पसाऱ्याच्या कडेला बसून एकेक फूल झिंगूच्या टोपलीत टाकत होता. ओट्याच्या कडेला टेकवलेली म्हाताऱ्याची काठी घसरली आणि अंगणात पडली. पडली की पाडली, हे झिंगूलाच माहीत. तो अजूनही सांगत नाही.

सोमारी दोन पावलं पुढं गेली होती. तिला आवाज आला आणि ती वळली. खोलीपाशी पोरं जमली असतील, मदतनीस किल्लीसाठी खोळंबली असेल, हे तिच्या मनात आलं. एरवी ती गेलीच असती. आज ती फाटकाला धरून उभी राहिली.

चंदननं काठी उचलली. ती त्याच्याहून उंच होती. ती टेकवायला त्याला दोन्ही हात लागले. बैठक मोडली, पाय खाली आले, पोर डुगडुगत उभं झालं. दीपाली दारात आली होती, तिनं तोंडावर पदर धरला. चंदन मोहफुलं तुडवत ओट्यापाशी पोचला आणि त्यानं काठी म्हाताऱ्याच्या मांडीवर टाकली. मग मागं वळून, रिकाम्या हातांनी, आजीच्या दिशेनं आला. चार पावलं टाकली असतील नसतील, तिच्या पायांवर येऊन आदळला.

तोवर वाट पाहून कंटाळलेली अंगणवाडीची पोरं बाईला शोधत फाटकाशी आली होती. "बाई, चला ना, उशीर होऊन राह्यला," त्यातली एक म्हणाली.

"होऊ दे," सोमारी म्हणाली. ती खाली बसली होती आणि चंदनच्या पायांना चिकटलेली फुलं एकेक करून काढत होती.

ओट्यावरून झिंगूनं विचारलं, "पाह्यलं ना, पोरी?"

"पाह्यलं, मामाजी."